कॉलेजची प्लेट, कंपनीची टाकी: जीवशास्त्रातलं भागीदारीचं संशोधन चालतं कसं, अडतं कुठे?

ठाण्याहून वाशी-पनवेलची ट्रान्स हार्बर लोकल पकडली की ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे अशी स्टेशनं येत जातात. एका अंगाला खाडी आणि कांदळवन, दुसऱ्या अंगाला पारसिकच्या डोंगरापर्यंत पसरलेली टीटीसी एमआयडीसी. रबाळ्यात रिलायन्स लाइफ सायन्सेसचं केंद्र, खारघरला टाटा मेमोरियलचं कर्करोग संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक, नेरूळ-बेलापूरला डी. वाय. पाटील, कामोठ्याला एमजीएम, ठाण्यात चेंदणीला बांदोडकर कॉलेज. मायक्रोबायोलॉजी आणि बायोटेक शिकवणारे विभाग आणि त्याच विषयांवर पोट चालवणारे कारखाने एकमेकांपासून तासाभराच्या अंतरावर आहेत. तरी यांच्यात खरोखर एकत्र संशोधन किती होतं, हे पाहायला गेलं तर हाती बरेचदा एमओयू लागतो.

एमओयू म्हणजे सामंजस्य करार. शाल, श्रीफळ, फोटो आणि नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, फाइलमध्ये एक पान. त्यात ‘दोन्ही संस्था परस्पर सहकार्य करतील’ असं असतं. कोण काय करणार, किती दिवसांत, कोणाच्या पैशानं, निघालेल्या गोष्टीचा मालक कोण, हे बहुधा नसतं. एमओयू वाईट नाही, ओळख होते, इंटर्नशिप मिळतात. पण त्याच्या भरवशावर प्रयोग सुरू केला की पहिला चांगला निकाल आल्या दिवशी हमरीतुमरी सुरू होते.

खऱ्या कामाचे प्रकार वेगळे. कंपनी प्राध्यापकाचा सल्ला घेते, तो सगळ्यात सोपा. कॉलेजच्या उपकरणावर नमुने तपासून घेते, ती चाचणीसेवा. कंपनी प्रश्न देते, पैसे देते आणि कॉलेज उत्तर शोधतं, ते प्रायोजित संशोधन. दोघंही माणसं, साहित्य आणि डोकं लावतात, ते संयुक्त संशोधन. आणि कॉलेजकडे आधीच असलेली गोष्ट कंपनी वापरायला घेते, तो परवाना म्हणजे लायसन्स. गोंधळ होतो तो एका प्रकारात सुरू झालेलं काम न सांगता दुसऱ्यात गेल्यामुळे. चाचणीसेवा म्हणून आलेल्या नमुन्यात प्राध्यापकाला काहीतरी नवीन दिसतं आणि मग ते कोणाचं, हा प्रश्न उभा राहतो.

आता एक उदाहरण धरून चालू. समजा, ठाण्यातल्या एका कॉलेजनं खाडीच्या चिखलातून एक जिवाणू वेगळा केला. दुधाची पावडर घातलेल्या आगर प्लेटवर त्याच्या वसाहतीभोवती स्वच्छ, पारदर्शक वर्तुळ पडतं. म्हणजे तो प्रोटीएज, अर्थात प्रथिनं तोडणारं एन्झाइम, बाहेर सोडतो. ते पीएच १० लाही, म्हणजे चांगल्याच अल्कधर्मी द्रवातही, काम करतं आणि मिठातही टिकतं. कपडे धुण्याच्या पावडरीत असं एन्झाइम लागतं. महाप्यातली एक कंपनी म्हणते, बघू या.

इथे पहिली गोष्ट समजून घ्यायला हवी. कंपनीला शोधापेक्षा त्याचा दुसऱ्याच्या हातून, दुसऱ्या जागी, तसाच निघणारा निकाल हवा असतो, आणि त्या निकालाची मालकी निर्विवाद हवी असते. पुढच्या सगळ्या कटकटी या दोन अपेक्षांतून येतात.

आकडा एक, अर्थ दोन

कॉलेजच्या पोस्टरवर लिहिलेलं असतं, ‘१८० युनिट प्रति मिली’. कंपनीत तोच नमुना तपासला की आकडा येतो साधारण १. लगेच कुजबुज सुरू होते की कॉलेजवाल्यांनी आकडे फुगवले. फुगवलेलं काहीच नसतं. प्रोटीएज मोजताना केसीन तोडायला देतात, सुटलेलं टायरोसिन फोलिन अभिकारकानं निळं करतात आणि ६६० नॅनोमीटरवर रंग मोजतात. आपल्याकडच्या अनेक शोधनिबंधांत मिनिटाला १ मायक्रोग्रॅम टायरोसिन सोडणारं एन्झाइम म्हणजे १ युनिट धरतात. बाजारातल्या एन्झाइमच्या बाटलीवर बरेचदा १ मायक्रोमोल धरलेला असतो. टायरोसिनचा रेणुभार १८१, म्हणजे दोन युनिटांत १८१ पटींचा फरक. त्यात एकानं ३७ अंशांना मोजलं आणि दुसऱ्यानं ५० ला, की विचारायलाच नको.

म्हणून पहिल्या बैठकीत निकालाच्या आधी पद्धतीचा कागद द्यावा: केसीन किती टक्के, पीएच किती, तापमान, वेळ, युनिटची व्याख्या. त्याहून चांगलं म्हणजे बाजारातलं एखादं तयार एन्झाइम दोन्ही प्रयोगशाळांनी आपापल्या पद्धतीनं तपासून आकडे शेजारी शेजारी ठेवावेत. दोन दिवसांचं काम आहे, पण दोन महिन्यांचा संशय वाचवतं.

दुसरी अडचण जिवाणूची. एमएस्सीच्या मुलांनी तो दर पंधरवड्याला एका स्लँटवरून, म्हणजे तिरप्या आगराच्या नळीवरून, दुसऱ्यावर घेतला, फ्रिजमध्ये ठेवला. वर्षभरानं त्याचं वर्तुळ निम्म्यावर आलं. वारंवार उपसंवर्धन केलं की एन्झाइम कमी करणाऱ्या पेशी जोमानं वाढतात आणि संख्येनं वरचढ होतात. एन्झाइम बनवणं जिवाणूला महाग पडतं. उपाय जुना आणि स्वस्त आहे. वेगळा केला त्याच आठवड्यात १५ ते २० टक्के ग्लिसरॉलमध्ये वीस-तीस कुप्या भरून उणे ८० अंशांना ठेवाव्यात आणि प्रत्येक प्रयोग नवीन कुपीपासून सुरू करावा. कुप्यांचे दोन वाटे दोन वेगळ्या फ्रीजरमध्ये ठेवावेत. शनिवार-रविवारी वीज गेली आणि जनरेटरवर तो फ्रीजर जोडलेलाच नव्हता, हा प्रकार अपवादात्मक नाही.

फ्लास्कमधून टाकीत

कॉलेजात २५० मिलीच्या फ्लास्कमध्ये ५० मिली माध्यम घेऊन ते १८० आरपीएमवर हलवतात. पातळ थर, भरपूर हवा. कंपनीला तेच ५ लिटर, मग ५०, मग ५०० आणि पुढे काही हजार लिटरमध्ये हवं असतं. पाण्यात ३० अंशांना ऑक्सिजन लिटरला जेमतेम साडेसात मिलिग्रॅम विरघळतो, खारट पाण्यात त्याहून कमी. दाट वाढलेले जिवाणू तो मिनिटाभरात फस्त करू शकतात. म्हणून टाकीत खालून हवा सोडतात, आत पंखे फिरवतात. प्रथिनं असलेल्या द्रवात हवा सोडली की फेस येतो, फेस मारायला तेल किंवा सिलिकोन घालतात आणि त्यानं ऑक्सिजन विरघळणं आणखी मंदावतं. फ्लास्कमधलं उत्पादन टाकीत मिळालं नाही, याचं कारण बहुतेक वेळा या साखळीत कुठेतरी असतं.

माध्यमाचंही तसंच. प्रयोगशाळेत ट्रिप्टोन आणि यीस्ट एक्स्ट्रॅक्ट ही महागडी पोषकं वापरतात. कपड्याच्या पावडरीचं एन्झाइम त्यावर वाढवलं तर दिवाळंच निघेल. कंपनी सोयाबीन पेंड, कॉर्न स्टीप लिकर (मका भिजवलेलं दाट पाणी), मळी यांवर वाढवायला सांगते. तिथे जिवाणू कधी खूश होतो, कधी रुसतो. कॉलेजनं पहिल्याच वर्षी दोन-तीन स्वस्त कच्च्या मालांवर करून पाहिलं असेल तर बोलणी निराळ्याच पातळीवर होतात.

आणि मीठ. आपला जिवाणू ५ टक्के मिठात उत्तम वाढतो, निबंधात हा गुण म्हणून मिरवला जातो. कारखान्यात तो दोष ठरू शकतो. क्लोराइड स्टेनलेस स्टीलला बारीक खड्डे पाडतं; ३०४ प्रतीचं स्टील लवकर, ३१६ एल जरा उशिरा. शिवाय ५ टक्के मीठ म्हणजे लिटरला ५०,००० मिलिग्रॅम क्षार. एमआयडीसीतल्या सामायिक सांडपाणी केंद्राला पाठवायच्या पाण्यात क्षारांची मर्यादा काही हजार मिलिग्रॅमच्या घरात असते. कंपनीचा पर्यावरण विभाग या एका ओळीवर प्रकल्प थांबवतो, मग एन्झाइम कितीही गुणी असो. मार्ग असतात: तोच जीन मीठ न लागणाऱ्या बॅसिलस जिवाणूमध्ये घालणं हा त्यातला मुख्य. मग ते जनुकीय बदलाचं काम ठरतं आणि संस्थेची जैवसुरक्षा समिती लागते, जिच्यात केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाचा प्रतिनिधी असतो. कॉलेजकडे ती नसेल तर हा भाग कंपनीनं करायचा, हे आधीच ठरवावं.

चिखल कोणाचा?

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. ठाणे खाडीचा एक भाग फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही. अभयारण्याच्या हद्दीतून किंवा कांदळवनातून नमुना घ्यायचा तर वनखात्याची परवानगी लागते. ती तारखेसह हातात हवी, कारण ‘किनाऱ्यावर सहज गेलो आणि चिखल आणला’ हे वाक्य पाच वर्षांनी पेटंट वकिलासमोर चालत नाही.

त्यावर जैवविविधता कायदा, २००२. त्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. मुद्दा थोडक्यात असा: भारतीय जैविक साधनावर आधारलेल्या शोधाचं पेटंट मिळण्याआधी भारतीय अर्जदारानं चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे नोंदणी करायची आणि प्रत्यक्ष व्यापार सुरू करताना त्यांची मंजुरी घ्यायची. व्यापारी वापरासाठी जिवाणू घेणाऱ्या भारतीय कंपनीनं राज्याच्या जैवविविधता मंडळाला, म्हणजे आपल्याकडे नागपूरला, आधी कळवायचं. कंपनीवर परदेशी नियंत्रण असेल तर जिवाणू हाती घेण्याआधीच प्राधिकरणाची मंजुरी लागते. ‘भारतात नोंदलेली आहे, बोर्डावर मराठी नाव आहे’ एवढ्यावर जाऊ नये. भागधारक कोण ते विचारावं.

जिवाणूची कुपी कॉलेजच्या दारातून बाहेर पडते ती साहित्य हस्तांतरण करारावर, ज्याला सगळे एमटीए म्हणतात. त्यात कुप्या किती, कशासाठी, कुठे वापरायच्या हे असतंच. नजर ठेवायची ती एका कलमावर: या जिवाणूपासून कंपनीनं उत्परिवर्तनानं सुधारित वाण काढलं तर ते कोणाचं? मूळ कुपी, तिची जशीच्या तशी संतती आणि बदललेलं वाण, या तीन गोष्टींच्या व्याख्या वेगळ्या लिहाव्यात. जीनोम वाचायला मनाई आहे की मुभा, हेही. आजकाल जीनोमची फाइल मिळाली की कुपीची गरज उरत नाही.

पेटंट: आधी अर्ज, मग टाळ्या

निसर्गात सापडलेल्या जिवाणूवर भारतात पेटंट मिळत नाही. पेटंट कायद्याच्या कलम ३(सी) नं तो वगळलेला आहे. पेटंट मिळू शकतं ते एन्झाइम बनवण्याच्या नव्या पद्धतीवर, मिश्रणावर किंवा बदल केलेल्या वाणावर. अर्जात शब्दांनी पुरेसं वर्णन करता येत नसेल आणि जिवाणू सर्वांना उपलब्ध नसेल तर तो अर्जाच्या तारखेपर्यंत मान्यताप्राप्त संग्रहात जमा करावा लागतो. चंदीगडला एमटीसीसी हा संग्रह आहे, पुण्यात एनसीसीएस या संशोधन संस्थेचा. जिवाणू कुठून आणला, तेही अर्जात सांगावं लागतं.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र पोस्टरनं होतं. मुलगी ‘आविष्कार’ या विद्यार्थ्यांच्या संशोधन स्पर्धेत पोस्टर लावते, माध्यमाची पूर्ण कृती आणि पीएचचा आलेख त्यावर छापते, बक्षीस मिळतं, फोटो फिरतात. नवेपणा तिथेच संपू शकतो. आपल्या कायद्यात विद्वत्संस्थेसमोर वाचलेल्या निबंधाला १२ महिन्यांची मर्यादित सवलत आहे, पण पोस्टर त्यात बसेलच असं नाही आणि युरोपात तर तिचा उपयोगच नाही. यावर इलाज तात्पुरत्या तपशिलाचा, म्हणजे प्रोव्हिजनल अर्जाचा. तो आधी भरावा, पूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात. २०२१ पासून शैक्षणिक संस्थांना पेटंट शुल्कात ८० टक्के सवलत आहे. ऑनलाइन अर्जाचं मूळ शुल्क ८,००० ऐवजी १,६०० रुपये. वकिलाची फी वेगळी, आणि खरा खर्च तोच. कंपनीला आधी परदेशात अर्ज करायचा असेल तर कलम ३९ प्रमाणे पेटंट कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते.

पीएचडीचा प्रबंधही प्रकाशनच. तो ग्रंथालयात जातो, शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, चढतो, मौखिक परीक्षा खुली असते. कंपनीला ‘काहीच छापू नका’ म्हणायला आवडतं. ते मान्य केलं तर मुलीची डिग्री अडकते. रास्त तोड अशी: मसुदा कंपनीला ३० दिवस आधी द्यायचा, पेटंट भरायचं असेल तर जास्तीत जास्त आणखी ६० किंवा ९० दिवस थांबायचं, त्यापुढे थांबणार नाही. प्रबंध जमा करायच्या तारखेला हात लावायचा नाही, हे स्वतंत्र वाक्यात.

विद्यार्थी कॉलेजचा नोकर नसतो, हेही बरेचदा विसरलं जातं. तिनं शोधात भर घातली असेल तर ती शोधकर्ती आहे आणि तिचा हक्क आपोआप कॉलेजकडे येत नाही. कामाला लागताना सही घ्यावी, सोबत रॉयल्टीतला तिचा वाटा लिहून द्यावा. ती नोकरीसाठी बंगळुरूला किंवा जर्मनीला गेल्यावर सही मिळवणं म्हणजे तीर्थयात्राच.

निम्मं-निम्मं फार गोड वाटतं

मालकी कोणाची, यावर बोलणी अडली की कोणीतरी म्हणतं, ‘जाऊ द्या सर, जॉइंट करू, फिफ्टी-फिफ्टी.’ टाळ्या पडतात. पेटंट कायद्याचं कलम ५० काय सांगतं ते पाहा. वेगळा करार नसेल तर प्रत्येक सहमालक शोध स्वतः वापरू शकतो आणि दुसऱ्याला नफ्याचा हिशेब द्यायला बांधील नसतो. पण दुसऱ्याच्या संमतीशिवाय तिसऱ्याला परवाना देऊ शकत नाही किंवा आपला हिस्सा विकू शकत नाही. कंपनीकडे टाक्या आहेत, ती उद्यापासून माल काढेल. कॉलेजकडे प्लेट आहेत. तिसऱ्या कंपनीकडे जायचं तर पहिलीची सही हवी, आणि ती कंपनी सही का देईल? म्हणजे निम्मी मालकी हातात आणि उत्पन्न शून्य. कॉलेजसाठी बहुतेक वेळा बरं हे की पेटंट एकट्या कॉलेजचं ठेवावं, कंपनीला ठरावीक क्षेत्रापुरता एकमेव परवाना द्यावा. कपड्याच्या पावडरीसाठी तुम्हाला, चामडं कमावण्यासाठी दुसऱ्याला.

मोठ्या संस्थांनाही हे सुटत नाही. कोव्हॅक्सिन लस आयसीएमआर ही सरकारी वैद्यकीय संशोधन परिषद आणि भारत बायोटेक कंपनी यांनी मिळून केली. विषाणूचं वाण आयसीएमआरच्याच पुण्यातल्या एनआयव्ही या विषाणू संस्थेनं वेगळं केलं होतं आणि करारात आयसीएमआरला निव्वळ विक्रीवर ५ टक्के रॉयल्टी होती. तरी कंपनीच्या पेटंट अर्जांत आयसीएमआरचं नाव नसल्याचं पुढे आलं आणि २०२४ मध्ये, ते अनवधानानं राहिलं असं सांगून, कंपनीनं ते घालायची कार्यवाही केली. रॉयल्टी लिहिली म्हणजे मालकीही लिहिली गेली, असं नसतं.

उलट, वाटण्या नीट बसल्या की काय होतं त्याचं उदाहरण खारघरलाच आहे. नेक्सकार१९ ही रक्ताच्या काही कर्करोगांवरची कार-टी उपचारपद्धती. रुग्णाच्याच टी पेशी काढून त्यांत जीन घालतात, त्या पेशी मग सीडी१९ हे चिन्ह असलेल्या कर्कपेशींवर तुटून पडतात. पेशींची रचना आयआयटी मुंबईत प्रा. राहुल पुरवार यांच्या गटात झाली, रुग्णांवरची चाचणी टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी केली, उत्पादन आयआयटीतच रुजलेल्या इम्युनोअ‍ॅक्ट कंपनीनं उचललं. अ‍ॅक्ट्रेकमध्ये पहिला रुग्ण ४ जून २०२१ ला, सरकारी परवानगी ऑक्टोबर २०२३ ला. सरकारच्या बायरॅक या जैवतंत्रज्ञान उद्योगाला मदत करणाऱ्या संस्थेमार्फत पहिल्या टप्प्याच्या चाचणीसह कामाला १९.१५ कोटी रुपये मंजूर झाले होते. यात कोणी दुसऱ्याचं काम करायला गेलं नाही: चाचणी हॉस्पिटलची, कारखाना कंपनीचा.

पैशाचं बोलताना

ताकाला जाऊन भांडं लपवू नये. एका वर्षाच्या प्रायोजित कामाचा नमुना हिशेब पाहा. एक जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधक, महिना ३७,००० आणि घरभाडे भत्ता धरून वर्षाला सुमारे ५.८ लाख. रसायनं आणि प्लास्टिक ३ लाख. बाहेरून करून घ्यायच्या चाचण्या दीड लाख. प्रवास, कुरिअर, किरकोळ ५० हजार. झाले १०.८ लाख. त्यावर संस्थेचा वरखर्च २० टक्के धरला तर १२.९६ लाख. १८ टक्के जीएसटी लागला तर १५.२९ लाख. ऑक्टोबर २०२४ पासून ठरावीक अधिसूचित संस्थांच्या अनुदानावर चालणाऱ्या संशोधनाला जीएसटीतून सूट आहे. आपली संस्था त्यात बसते का, हे सीएला सहीआधी विचारावं. प्राध्यापकानं फोनवर ‘अकरा लाखांत करू’ म्हटलेलं असतं आणि वरचे चार लाख कोणाच्या खिशातून, यावर घोडं अडतं.

हप्ते सहीवर ४० टक्के आणि बाकी टप्प्यांवर, असे बांधावेत. टप्पा मोजता येईल असा हवा. ‘एन्झाइमचा अभ्यास पूर्ण’ हा टप्पा होत नाही. ‘५ लिटर टाकीत सलग तीन बॅचमध्ये ठरलेल्या पद्धतीनं ठरलेली युनिटं, फरक १५ टक्क्यांच्या आत’ हा होतो. वर्ष सहीच्या तारखेपासून मोजू नये, पहिला हप्ता खात्यात आल्यापासून मोजावं. जाहिरात, मुलाखत, नेमणूक यांत दोन महिने जातात. पेपर तपासणीचे आठवडे निराळेच.

कंपनीकडे पैसे कमी असतील तर बायरॅकच्या योजना पाहाव्यात. कॉलेजातला शोध उद्योगाकडून पडताळून घ्यायला ‘पेस’ योजनेत करार-संशोधनाचा भाग आहे. कोणी स्टार्टअप काढणार असेल तर ‘बिग’ मध्ये १८ महिन्यांपर्यंत ५० लाखांपर्यंत अनुदान मिळू शकतं.

शेवटी करार मोडण्याचं कलम. कंपन्यांचा व्यवस्थापक बदलतो, धोरण बदलतं, प्रकल्प गुंडाळला जातो. यात कोणाचा दोष असतोच असं नाही. एकमेव परवाना दिला असेल आणि तीन वर्षांत कंपनीनं काहीच केलं नाही, तर तो परत येईल असं लिहिलेलं हवं, नाहीतर शोध कपाटात सडतो. ९० दिवसांची पूर्वसूचना, कंपनीकडच्या कुप्या परत किंवा नष्ट केल्याचा लेखी दाखला, तोवरचा सगळा डेटा दोघांकडे, आणि नेमलेल्या जेआरएफचा पगार पूर्वसूचनेची मुदत संपेपर्यंत कंपनीकडून. हे शेवटचं कलम कोणी आपणहून घालत नाही. कॉलेजनं मागावं लागतं.